सही एका दिवसाची, तार वीस वर्षांची

आमच्या घरामागून वाशिष्ठी वाहते. ऐन मे महिन्यातही तिला पाणी असतं, कारण त्यातलं बरंचसं पाणी मुळात तिचं नव्हेच. सह्याद्रीच्या पलीकडे कोयनेत अडवलेलं पाणी बोगद्यांतून घाटाखाली उतरवतात. पोफळीच्या वीजघरात ते टर्बाइन फिरवतं आणि मग आमच्या नदीला मिळतं. 1962 पासून हे चालू आहे. कोयनेचे सगळे टप्पे धरले तर 1960 मेगावॅट वीज होते. आणि तरी मृगाचा पहिला वारा सुटला की वीजघरापासून हाकेच्या अंतरावरच्या वाड्यांत लाईट जाते.

लहानपणी मला याचा फार राग यायचा. पाणी डोळ्यांदेखत वाहतंय, डोक्यावरून मोठमोठ्या मनोऱ्यांच्या तारा मुंबईकडे गेल्यात, आणि आम्ही कंदिलाची काच पुसत बसलोय. पुढे कळलं की वीज जवळ तयार होते म्हणून जवळ मिळत नाही. तार जिथे नेईल तिथे ती जाते, आणि तार कुठे न्यायची हे पैसा आणि कायदा मिळून ठरवतात.

हे सगळं आठवलं ते माझ्या भाचीच्या एका प्रश्नामुळे. ती अर्थशास्त्र शिकते. परवा पडवीत बसून म्हणाली, "मामा, युक्रेन, मोल्दोवा, सर्बिया, सगळ्यांना युरोपीय संघात जायचंय. ते आत गेले तर तिकडे वीज स्वस्त होईल की महाग?" मी म्हटलं, "बाय, कोणाला आणि कधी, ते आधी सांग." एवढ्यावर ती ऐकणारी नव्हती. तिला जे समजावलं ते इथे नीट मांडून लिहितो आहे.

मुळात युरोपीय संघाचा जन्मच चुलीपाशी झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर 1951 साली पॅरिसमध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या सहा देशांनी करार केला, तो कोळसा आणि पोलाद यांचा सामाईक बाजार उभारण्याचा. ज्या कोळशावर तोफा ओतल्या गेल्या, त्यावर कोणा एकाचा ताबा राहू नये हा हेतू. 1957 मध्ये रोमला आर्थिक समुदायाचा करार झाला, त्याच दिवशी अणुऊर्जेचाही झाला. पुढे सहाचे नऊ झाले, नवाचे बारा, बाराचे पंधरा. 1 मे 2004 रोजी एकदम दहा देश आत आले, त्यातले बरेचसे जुन्या सोव्हिएत गोटातले. 2007 मध्ये रोमेनिया आणि बल्गेरिया आले, 2013 मध्ये क्रोएशिया. 2020 मध्ये ब्रिटन बाहेर पडला आणि आज 27 देश आहेत.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती पुष्कळांना ठाऊक नसते. कोणत्या देशाने कोळसा जाळायचा, कोणी अणुभट्टी बांधायची आणि कोणी पवनचक्क्या लावायच्या, हे आजही ज्याचं त्याने ठरवायचं आहे. लिस्बन करारातही तो हक्क देशांकडेच ठेवलेला आहे. संघ ठरवतो ते व्यापाराचे नियम, स्पर्धेचे नियम, प्रदूषणाची किंमत, आणि एकाची वीज दुसऱ्याच्या तारेवरून कशी जाईल ते.

आता लिथुआनियाची गोष्ट. पुढचं सगळं तिच्यावरून उलगडतं.

बाल्टिक समुद्राकाठचा हा छोटा देश 2004 मध्ये संघात आला. त्याच्याकडे इग्नालिना नावाचं अणुवीज केंद्र होतं, दोन भट्ट्यांचं. देशाची सुमारे 70 टक्के वीज तिथेच व्हायची, आणि गरजेहून जास्तीची शेजाऱ्यांना विकली जायची. पण भट्ट्या होत्या चेर्नोबिलच्या जातीच्या. संघाने अट घातली की आत यायचं तर या बंद करा, बंद करण्याच्या खर्चाला आम्ही पैसे देतो. पहिली भट्टी 2004 च्या शेवटच्या दिवशी बंद झाली, दुसरी 2009 च्या शेवटच्या दिवशी. मधे 2008 मध्ये लोकांनी मुदत वाढवून मागण्यासाठी सार्वमत घेतलं. मत देणाऱ्यांनी मोठ्या संख्येने 'वाढवा' म्हटलं, पण निम्मे मतदारही न आल्यामुळे ते रद्द ठरलं.

झालं काय, काल वीज विकणारा देश रात्रीतून वीज विकत घेणारा झाला. आणि ती घ्यायची कोणाकडून? संघातल्या पश्चिमेकडच्या मित्रांकडून घ्यावी, तर मधे तारच नव्हती. पोलंडकडे जाणारी लाईन नाही, स्वीडनकडे जाणारी केबल नाही. तारा होत्या त्या पूर्वेकडे, रशिया आणि बेलारूसकडे. कागदावर देश ब्रुसेल्सशी, म्हणजे संघाच्या मुख्यालयाशी, जोडला गेला होता आणि त्याचे दिवे मात्र आणखीच मॉस्कोवर अवलंबून राहिले. संघाने चूक केली असं मी म्हणणार नाही, कारण त्या जातीच्या भट्टीने काय केलं ते जगाने 1986 मध्ये पाहिलेलं आहे. पण आधी तार आणि मग कुलूप, हा क्रम पाळला असता तर त्या लोकांची बिलं एवढी चढली नसती, असं मला मनापासून वाटतं.

तारा हळूहळू आल्या. एस्टोनिया आणि फिनलंड यांच्यात समुद्राखालून एक केबल 2006 मध्ये पडली, दुसरी 2014 मध्ये. लिथुआनियाला पोलंडशी आणि स्वीडनशी जोडणाऱ्या लाईनी 2015 च्या शेवटी तयार झाल्या. तरीही एक मोठी गाठ सुटायची राहिली होती. ती समजण्यासाठी शिमग्याच्या पालखीचा आधार घेतो.

पालखी खांद्यावर घेतलेले सगळे एका पावलात नाचतात. एकाचा ताल चुकला तर दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर आदळतो. एक जण थकला तर बाकीचे त्याचं वजन पेलतात, पालखी खाली येत नाही. विजेचं अगदी तसंच आहे. एका जाळ्यातली सगळी जनित्रं एकाच तालात फिरतात. तो ताल युरोपात आणि आपल्याकडेही सेकंदाला 50 आवर्तनांचा. एक केंद्र अचानक बंद पडलं की ताल किंचित मंदावतो आणि बाकीची जनित्रं लगेच भार उचलतात. बाल्टिक देशांच्या जनित्रांचा हा ताल सोव्हिएत काळापासून मॉस्कोतून सांभाळला जात होता. संघात आले, नाटोत आले, युरो चलन घेतलं, पण पालखी मॉस्कोच्या ढोलावरच नाचत होती. मॉस्कोने मनात आणलं असतं तर ताल सोडून देता आला असता.

8 फेब्रुवारी 2025 रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या तिघांनी पूर्वेकडच्या तारा सोडवल्या. एक दिवस तिघे आपल्या बळावर चालले. दुसऱ्या दिवशी पोलंडमार्गे पश्चिम युरोपच्या तालात मिसळले. करारावर सही होऊन तोवर वीस वर्षं उलटून गेली होती.

आपल्या लोकांनी हे नवलाने ऐकायचं कारण नाही. आपला देश एक, संविधान एक, तरी दक्षिण भारताचं वीजजाळं उर्वरित देशाच्या तालात आलं ते 31 डिसेंबर 2013 ला, आपल्या सोलापूरहून रायचूरला जाणारी 765 केव्हीची लाईन सुरू झाली तेव्हा. त्याआधी वीज बाजारात दक्षिणेकडच्या राज्यांना अनेकदा इतरांपेक्षा चढा भाव मोजावा लागे. वीज देशात होती, पण तिकडे न्यायला पुरेशी वाट नव्हती.

मोठ्या पालखीचा धोकाही मोठा असतो, हे सांगायला हवं. 4 नोव्हेंबर 2006 रोजी उत्तर जर्मनीत एक मोठं जहाज नदीतून न्यायचं म्हणून नदीवरची उच्चदाब लाईन बंद केली गेली. भार दुसऱ्या लाईनींवर गेला, त्या एकामागून एक सुटल्या, आणि युरोपचं जाळं तीन तुकड्यांत फुटलं. पार स्पेनपर्यंत दिवे गेले, दीड कोटीच्या आसपास घरं अंधारात. आपण 30 आणि 31 जुलै 2012 ला याहून मोठा अंधार पाहिला. म्हणून नवा देश जाळ्यात घ्यायचा तर आधी वर्षानुवर्षं तपासण्या होतात, उगाच अडवणूक म्हणून नव्हे.

गॅसचं गणित थोडं वेगळं, आणि ते आंब्याच्या बागायतदाराला पटकन कळेल. ज्याने एकाच दलालाची उचल घेतली आहे त्याला भाव विचारायची सोय राहत नाही. पूर्व युरोपात गिऱ्हाईकच असं बांधलेलं होतं. सोव्हिएत काळातल्या पाइपलाइनी सगळ्या पूर्वेकडून पश्चिमेकडे येणाऱ्या, विकणारी कंपनी एक, रशियाची गाझप्रॉम. वर करारांत कलम असायचं की घेतलेला गॅस शेजारच्या देशाला परत विकायचा नाही. त्यामुळे एका देशाला एक भाव, दुसऱ्याला दुसरा, आणि स्वस्त मिळालेल्याने शेजाऱ्याला मदत करायची सोय नाही. हे देश संघात आल्यावर मात्र संघाचा स्पर्धा कायदा त्यांच्या बाजूने उभा राहिला. 2012 मध्ये चौकशी सुरू झाली आणि 2018 मध्ये गाझप्रॉमला अशा अटी सोडण्याची कायदेशीर हमी द्यावी लागली. असा मजकूर आठ देशांच्या करारांत सापडला होता. एकट्या लाटव्हियाला किंवा बल्गेरियाला हे कधी जमलं नसतं. विस्ताराचा एक खरा फायदा कोणता असं मला विचाराल तर मी हा सांगेन.

पण कायदा जानेवारीच्या थंडीत घर गरम करत नाही. जानेवारी 2009 मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्या भांडणात पाइपमधला गॅस जवळजवळ दोन आठवडे बंद राहिला. बल्गेरियाला दुसरी वाटच नव्हती. स्लोव्हाकियाने तर नुकतीच, 31 डिसेंबर 2008 ला, संघाच्या अटीप्रमाणे बोहुनिसे इथली जुनी अणुभट्टी बंद केली होती. दहा-बारा दिवसांत सरकारने जाहीर केलं की करार मोडला तरी चालेल, आम्ही भट्टी पुन्हा पेटवतो. गॅस परत सुरू झाला म्हणून ती वेळ आली नाही. त्याच दिवसांत पश्चिमेकडे साठवलेला गॅस होता, पाइपही होते. पण पंप एकाच दिशेने ढकलणारे. उलटा प्रवाह सोडायची सोयच कोणी केली नव्हती. 2010 च्या नव्या नियमाने ती सक्तीची केली. आज पाइप दोन्ही बाजूंनी वाहतात, आणि युक्रेनलाही पुढे गॅस पश्चिमेकडूनच मिळू लागला.

लिथुआनियाने इथेही वाट काढली, आणि ती आपल्याला ओळखीची आहे. गॅस उणे 162 अंशांपर्यंत थंड केला की तो द्रव होतो आणि सहाशेपट कमी जागेत मावतो. मग जहाजातून कुठूनही आणता येतो. 2014 च्या ऑक्टोबरात क्लायपेडा बंदरात तरंगतं टर्मिनल आलं. जहाजाचं नावच 'इंडिपेंडन्स', म्हणजे स्वातंत्र्य. ते येणार हे नक्की होताच, बंदराला लागण्याच्या काही महिने आधी, गाझप्रॉमने लिथुआनियाला भावात मोठी सूट दिली. दुसरं दुकान उघडतंय एवढ्या बातमीनेच पहिल्या दुकानदाराचा दर उतरला. आपल्या दाभोळलाही असं टर्मिनल आहे, जमिनीवरचं. पण लाटा थोपवणारा बांध अपुरा होता तोवर कित्येक वर्षं पावसाळ्यात तिथे जहाज लागत नसे. वर्षातले चार महिने बंद असणाऱ्या वाटेवर विसंबून कोणी भावाची घासाघीस करू शकत नाही.

27 एप्रिल 2022 रोजी गाझप्रॉमने पोलंड आणि बल्गेरियाचा गॅस तोडला. यावेळी कोणी भट्टी पेटवायची भाषा केली नाही. त्याच वर्षी 1 ऑक्टोबरपासून ग्रीसहून बल्गेरियाला नवी पाइपलाइन वाहू लागली, आणि त्याच सुमाराला नॉर्वेहून पोलंडला. 2020 च्या निसर्ग वादळानंतर मंडणगड, दापोलीकडच्या कित्येक गावांनी आठवडेच्या आठवडे अंधार काढला. माझ्या मामाचं गाव त्यातलं एक. तिथे मी पाहिलं, ज्या वस्तीला दोन बाजूंनी लाईन येत होती ती आधी उजळली. त्या दिवसांनंतर 'दुसरी वाट' हा शब्द मला पुस्तकी वाटत नाही.

आता भाचीचा मूळ प्रश्न, भावाचा. त्यासाठी आधी युरोपात विजेचा भाव कसा ठरतो ते पाहू. समजा गावजेवणाला शंभर नारळ हवेत. एकाकडे साठ आहेत, तो पंधरा रुपयांना द्यायला तयार. दुसऱ्याकडे तीस, वीस रुपयांनी. उरलेले दहा तिसऱ्याकडे, पण तो तीस मागतो. दहाशिवाय भागत नाही, म्हणून त्याला तीस द्यावे लागतात, आणि या बाजाराचा नियम असा की मग सगळ्यांनाच तीस मिळतात. वीज बाजारात वारा, ऊन, पाणी आणि अणू हे पंधरावाले, आणि शेवटचा तीसवाला पुष्कळदा गॅस. ऑगस्ट 2022 मध्ये युरोपातला गॅस मेगावॅट-तासाला 300 युरोंच्या वर गेला तेव्हा सगळी वीजच का भडकली, ते यावरून कळेल.

दररोज दुपारी जवळपास साऱ्या युरोपचा उद्याचा भाव एका सामाईक हिशेबाने काढतात. दोन देशांमधल्या तारेत जागा शिल्लक असेल तर दोघांचा भाव एक होतो. तार भरली की भाव फुटतो. म्हणजे नवा देश बाजारात आला की त्याचा भाव शेजाऱ्याकडे सरकतो, आणि शेजाऱ्याचा त्याच्याकडे. महाग देशात उतरतो, स्वस्त देशात चढतो.

हा चढणारा भाव कसा बोचतो ते नॉर्वेला विचारा. नॉर्वे संघाचा सभासद नाही, पण त्याने संघाच्या वीज बाजाराचे बरेचसे नियम मान्य केले आहेत. त्याची जवळजवळ सगळी वीज आमच्या पोफळीसारखी पाण्यावरची, आणि पिढ्यान्पिढ्या स्वस्त. 2021 मध्ये समुद्राखालून दोन मोठ्या केबली सुरू झाल्या, एक जर्मनीला, एक ब्रिटनला, प्रत्येकी 1400 मेगावॅटची. पुढच्या काही महिन्यांत गॅस भडकला आणि दक्षिण नॉर्वेतल्या घरांची बिलं जर्मनीच्या मागोमाग चढली. उत्तर नॉर्वेत मात्र वीज स्वस्तच राहिली, कारण देशातल्या देशात उत्तर-दक्षिण तारा अपुऱ्या. आंबा वाशीला जायला लागला की गुहागरच्या बाजारातही वाशीचाच भाव लागतो, गाडीभाडं वजा करून. बागायतदार खूश, पण ज्याच्या दारात कलम नाही त्याने काय करायचं? नॉर्वेत धरणं बहुतेक सरकारच्या आणि नगरपालिकांच्या मालकीची, त्यामुळे जास्तीचा पैसा निदान देशातच राहिला आणि सरकारने घरगुती बिलांचा मोठा वाटा स्वतः उचलला. तरी राग शमला नाही. जानेवारी 2025 मध्ये संघाचे आणखी ऊर्जा नियम स्वीकारण्याच्या मुद्द्यावर आघाडीतला एक पक्ष सरकारातून बाहेर पडला.

आग्नेय युरोपात उलटी तऱ्हा. 2024 च्या उन्हाळ्यात हंगेरी, रोमेनिया, बल्गेरिया, ग्रीस इथे संध्याकाळचे भाव पश्चिमेपेक्षा कितीतरी वर गेले. उष्णतेची लाट होती, बॉम्बहल्ल्यांत केंद्रं गमावलेल्या युक्रेनला वीज द्यायची होती, आणि पश्चिमेकडून वीज आणणाऱ्या तारा भरलेल्या. ग्रीसच्या पंतप्रधानांनी सप्टेंबरात ब्रुसेल्सला पत्र लिहून तक्रार केली. सभासदत्व पूर्ण होतं, बाजारही एक होता, वाट अरुंद होती.

कोळशावरच्या देशांना आणखी एक बिल येतं. 2005 पासून संघात वीज केंद्रांना धुराचे परवाने घ्यावे लागतात. हिशेब सोपा आहे. लिग्नाइट नावाच्या हलक्या कोळशापासून एक युनिट वीज केली की साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. परवान्याला टनामागे 70 युरो भाव धरला तर युनिटमागे सहा-सात रुपये नुसते धुराचे. आता सर्बियाची निम्म्याहून जास्त वीज कोळशाची, कोसोव्होची नव्वद टक्क्यांहून जास्त. हे देश आत आले की हा खर्च लागू. बाहेर राहिले तरी सुटका नाही, कारण 1 जानेवारी 2026 पासून संघ बाहेरून येणाऱ्या विजेवर, पोलादावर, सिमेंटवर हीच किंमत लावतो आहे. आपल्या पोलाद निर्यातदारांनाही तिची झळ आहे. धुराची किंमत असावी याला माझा पाठिंबा आहे. पण खाणीवर जगणाऱ्या गावांना ती पेलायला मुदत आणि पैसा दोन्ही मिळाले पाहिजेत. पोलंडला काही वर्षं बरेच परवाने फुकट मिळाले होते, तो सवलतीचा काळ गरीब बाल्कन देशांना नाकारणं मला न्याय्य वाटत नाही.

संघात येऊ पाहणाऱ्या या देशांना पंगतीत बसण्याआधीच वाढण्याचे नियम पाळावे लागतात. 2005 मध्ये अथेन्सला ऊर्जा समुदायाचा करार झाला, त्याचं कार्यालय व्हिएन्नाला आहे. युक्रेन, मोल्दोवा, सर्बिया वगैरे त्यात आहेत. संघाचे वीज आणि गॅसचे कायदे त्यांनी स्वीकारायचे, पण ते कायदे बनवताना त्यांना मत नाही.

युक्रेन आणि मोल्दोवाचं जाळं मात्र सभासदत्वाच्या कितीतरी आधी जोडलं गेलं. 24 फेब्रुवारी 2022 रोजी युक्रेनने रशियाच्या जाळ्यापासून सुटून एकटं चालण्याची चाचणी सुरू केली, आणि त्याच पहाटे हल्ला झाला. परत जाणं शक्य नव्हतं. तीन आठवडे त्यांनी युद्धात एकट्याने ताल सांभाळला, आणि 16 मार्चला दोन्ही देश युरोपच्या तालात आले. एरवी या कामाला आणखी वर्षभर तरी लागणार होतं.

भाचीने मोबाईलवर मोल्दोवाचा नकाशा उघडला होता. तिला मी रोमेनियाहून येणारी जुनी लाईन दाखवली. ती सरळ राजधानी किशिनाऊला जात नाही, आधी ट्रान्सनिस्ट्रियात शिरते. हा फुटून निघालेला पट्टा, तिथे रशियाचं सैन्य आहे, आणि तिथल्याच वीज केंद्रातून मोल्दोवाला बरीचशी वीज मिळायची. 1 जानेवारी 2025 ला युक्रेनमधून येणारा रशियन गॅस थांबला तेव्हा त्या केंद्राने मोल्दोवाला वीज देणं बंद केलं. मोल्दोवाने रोमेनियाकडून महाग वीज घेतली आणि निभावून नेलं, कारण 2022 मध्ये ताल जुळलेला होता. म्हणून मोल्दोवाने आपल्या दक्षिण टोकाकडच्या वल्कानेश्तीपासून किशिनाऊपर्यंत थेट नवी लाईन हाती घेतली, सुमारे दीडशे किलोमीटरची, म्हणजे चिपळूणहून निघून राजापूर ओलांडावं एवढी.

"म्हणजे बिल वाढलंच ना त्यांचं?" भाची म्हणाली.

वाढलं. आणि नवी लाईन झाली तरी ते लगेच उतरेल असं नाही. पण ती वाहू लागली की किशिनाऊत संध्याकाळी दिवा लावताना त्या पट्ट्यातल्या स्विचयार्डाकडे, म्हणजे तारा जोडण्या-तोडण्याच्या ठाण्याकडे, कोणाला बघावं लागणार नाही, संघाचं सभासदत्व तोवर हाती आलेलं असो वा नसो.